कोर्टाची पायरी आणि प्वासाँचं गणित

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलोय. जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला की घरातलं कोणीतरी वडीलधारं माणूस ती हमखास टाकतंच. पण जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. या म्हणीत एक अख्खं मॉडेल दडलंय. इनपुट: तुमचा खटला, कुठलाही. आउटपुट: जाऊ नका. अचूकता किती ते कोणी मोजलेलं नाही, तरी पिढ्यानपिढ्या प्रॉडक्शनमध्ये चालू आहे :-)

गेल्या काही वर्षांत हेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून (यापुढे एआय म्हणू या, सोपं पडतं) करून घ्यायचे प्रयत्न जोरात चाललेत. जुनी निकालपत्रं मशीनला वाचायला द्यायची आणि नव्या खटल्याचा निकाल काय लागेल ते विचारायचं. अशी बातमी वाचली की वाटतं, काय जमाना आलाय! पण हा उद्योग जवळपास दोनशे चाळीस वर्षं जुना आहे. त्याचा इतिहास शोधत गेलो तर सुरुवातीलाच एक ओळखीचं नाव भेटलं. तिथूनच सुरू करतो.

इंजिनियरिंगच्या गणितात पॉयसन डिस्ट्रिब्युशन सगळ्यांनी केलेलं असतं. (आमच्या वर्गात त्याचा उच्चार 'पॉयझन' व्हायचा, आणि पेपरच्या आदल्या रात्री तोच बरोबर वाटायचा.) कॉल सेंटरला तासाला किती फोन येतील, सर्व्हरवर सेकंदाला किती रिक्वेस्ट येतील, असल्या हिशोबांना आपण ते वापरतो. हे सूत्र ज्या पुस्तकात आहे, ते पुस्तक मात्र टेलिफोनचं नाही, कारखान्याचंही नाही. ते आहे फौजदारी आणि दिवाणी खटल्यांतल्या निकालांच्या संभाव्यतेवर! वर्ष १८३७, गाव पॅरिस, लेखक सिमेओं-देनी प्वासाँ.

प्वासाँच्याही आधी, १७८५ साली, कोंदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने बहुमताने होणाऱ्या निर्णयांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. त्याचा मुद्दा थोडक्यात असा. समजा ज्युरीतला प्रत्येक माणूस बरोबर निर्णय द्यायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, आणि प्रत्येक जण आपल्या डोक्याने मत देतोय. मग माणसं वाढवत नेली तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता एकाच्या जवळ जवळ जाते. पण प्रत्येकाची शक्यता निम्म्याहून कमी असेल तर उलटं होतं. जितकी माणसं जास्त, तितका चुकीचा निकाल पक्का! (मीटिंगला अनुभव येतोच.) पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत कोंदोर्सेलाच गुन्हेगार ठरवण्यात आलं, तो लपून राहिला, पकडला गेला, आणि १७९४ साली कोठडीत मृत सापडला. बहुमताचं गणित मांडणाऱ्या माणसाचा असा शेवट व्हावा, याला काय म्हणावं...

ज्युरी म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सिनेमातूनच माहीत. १९५९ साली मुंबईत नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं होतं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. प्वासाँच्या फ्रान्समध्ये ज्युरी बारा जणांची असे.

प्वासाँच्या हाती कोंदोर्सेकडे नसलेली एक गोष्ट होती: डेटा. १८२५ सालापासूनची फौजदारी खटल्यांची आकडेवारी फ्रान्सचं न्याय खातं दरवर्षी छापत होतं. १८२५ ते १८३० या काळात बारापैकी किमान सात जणांनी 'दोषी' म्हटलं की ज्युरीचा कौल दोषी. (सात-पाच अशी काठावरची फूट असेल तर न्यायाधीश त्यात लक्ष घालत.) या वर्षांत शंभर आरोपींमागे सुमारे ६१ जण दोषी ठरत होते. आरोपी वेगळे, गुन्हे वेगळे, ज्युरीतली माणसं वेगळी, आणि आकडा मात्र वर्षामागून वर्ष तिथल्या तिथे. १८३१ साली नियम बदलला. आता किमान आठ जण हवेत. आकडा लगेच ५४ वर आला.

आता गंमत बघा. ६१ वजा ५४, म्हणजे ७. हे शंभरातले सात जण आधी केवळ सात-पाचच्या मताने दोषी ठरत असणार. प्वासाँला दोन गोष्टी काढायच्या होत्या: कोर्टात उभा केलेला माणूस खरोखर दोषी असण्याची शक्यता, आणि ज्युरीतला एक माणूस चुकण्याची शक्यता. दोन अज्ञात, आणि नियम बदलल्यामुळे मिळालेली दोन समीकरणं. शाळेत शिकलेली एकसामायिक समीकरणं इतक्या थरारक कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

लोकांनी प्वासाँला सोडलं नाही. फ्रेंच अकादमीत प्वाँसो नावाच्या गणितज्ञानेच त्याला विरोध केला. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने तर न्यायनिवाड्याला संभाव्यता लावणं हा गणिताला लागलेला बट्टा ठरवला. आक्षेप योग्यच होता. ज्युरीतले बारा जण स्वतंत्र नाणी नव्हेत. ते एकाच खोलीत बसतात, एकाच वकिलाचं भाषण ऐकतात, एकमेकांकडे बघून मत बदलतात.

पण एक गोष्ट प्वासाँच्या बाजूने सांगायला हवी. त्याने कुठल्याही एका माणसाचं भाकीत केलं नव्हतं. शंभरात ६१, एवढंच. तो ६१ मधला कोण, यावर तो काही बोलला नाही. ही रेघ लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास ती रेघ ओलांडायच्या खटपटीचा आहे.

आता पॅरिसहून अमेरिकेत जाऊ. १८९७ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या न्यायाधीशांनी बॉस्टनला एक भाषण दिलं. त्यांचं म्हणणं होतं की वकिलाकडे येणाऱ्या माणसाला कायद्याचं तत्त्वज्ञान नको असतं. कोर्ट प्रत्यक्षात काय करील, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. म्हणजे कायद्याचा अभ्यास हा शेवटी भाकिताचाच अभ्यास. उद्याचा काळ आकडेशास्त्र आणि अर्थशास्त्र जाणणाऱ्या वकिलाचा असेल, असंही ते म्हणाले. पुढे हेच होम्स अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तीस वर्षं न्यायमूर्ती होते. १९४९ साली ली लोव्हिंजर या वकिलाने या शास्त्राला नावही दिलं, 'ज्युरिमेट्रिक्स'.

पण ती रेघ खऱ्या अर्थाने ओलांडली ती फ्रेड कोर्ट या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने, १९५७ साली. (आडनाव 'कोर्ट' हा निव्वळ योगायोग.) त्याने निवडलेला विषय असा. अमेरिकेत १९४२ सालच्या बेट्स विरुद्ध ब्रेडी या निकालाप्रमाणे, देहान्ताची शिक्षा होऊ शकत नसेल अशा खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणं राज्यांवर बंधनकारक नव्हतं. अपवाद फक्त 'विशेष परिस्थिती'चा. आरोपी अगदी कोवळ्या वयाचा आहे, निरक्षर आहे, मानसिक आजारी आहे, आरोप फार गुंतागुंतीचा आहे, असं काही असेल तरच. सुप्रीम कोर्टात असे खटले एकामागून एक येत होते, आणि वकील का दिला किंवा का नाही दिला यात वकिलांना सुसंगती सापडत नव्हती.

फ्रेड कोर्टने काय केलं? खटल्यातली प्रत्येक परिस्थिती म्हणजे एक व्हेरिएबल. काही जुने निकाल घेऊन सूत्राने प्रत्येकाला वजन काढलं. मग उरलेल्या खटल्यांत त्या वजनांची बेरीज केली. बेरीज ठरावीक आकड्याच्या वर गेली तर आरोपीच्या बाजूने निकाल, खाली राहिली तर विरुद्ध. ट्रेनिंग सेट, टेस्ट सेट, वेट्स, थ्रेशोल्ड... सगळं आहे हो! १९५७ साली! पुढच्याच वर्षी फ्रँकलिन फिशर या तरुण अर्थशास्त्रज्ञाने त्याच्यावर झोड उठवली. खटले मूठभर, व्हेरिएबल भरमसाठ, मग सूत्र कसंही बसवता येतं, असा त्याच्या टीकेचा रोख. आजच्या इंटरव्ह्यूमध्ये याच प्रश्नाचं उत्तर 'ओव्हरफिटिंग' असं देतात.

आणि मग आला क्लॅरेन्स अर्ल गिडियन.

जून १९६१. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका पूल रूममध्ये, म्हणजे बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर, चोरी झाली. थोडी चिल्लर आणि दारूच्या बाटल्या गेल्या. पन्नाशीच्या गिडियनला पकडलं. तो फाटका माणूस, आधीही तुरुंगात जाऊन आलेला. कोर्टात उभा राहून त्याने वकील मागितला. न्यायाधीश म्हणाले, आमच्या राज्याच्या कायद्यात बसत नाही. त्यावर गिडियन म्हणाला की सुप्रीम कोर्टानेच मला वकिलाचा हक्क दिलाय. हे साफ चूक होतं. सुप्रीम कोर्टाने तसं काही म्हटलेलं नव्हतं. त्याने स्वतःच स्वतःची बाजू मांडली, हरला, पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगात बसून त्याने पेन्सिलीने, तुरुंगाच्याच कागदावर, सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. त्या अर्जात त्याने कुठलीच विशेष परिस्थिती सांगितली नव्हती. मी अज्ञान आहे, मी आजारी आहे, असं काही नाही. माझ्याकडे वकिलाला पैसे नव्हते आणि मला वकील मिळाला नाही, बस. म्हणजे १९४२ च्या नियमावर उभारलेल्या कुठल्याही सूत्रात घातला असता तर या माणसाच्या बेरजेत जवळजवळ भोपळाच आला असता.

कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला आणि एब फोर्टस या नामांकित वकिलाला त्याची बाजू मांडायला नेमलं. १८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला: नऊ विरुद्ध शून्य, गिडियनच्या बाजूने. बेट्सचा निकाल रद्द. गंभीर फौजदारी गुन्ह्यात गरीब आरोपीला वकील द्यायलाच हवा. निकाल लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी. १९४२ साली बेट्सच्या वेळी विरोधी मत नोंदवणारे हेच ते न्यायमूर्ती. त्यानंतर ऑगस्ट १९६३ मध्ये पनामा सिटीत गिडियनचा खटला पुन्हा चालला, या वेळी वकिलासह. ज्युरीने तासाभरात त्याला निर्दोष सोडलं.

इथे कोणी म्हणेल, बघा, गणित हरलं! पण इतकं सोपं नाही. १९५० नंतर सुप्रीम कोर्टाने या विषयातला एकही आरोपी रिकाम्या हाताने परत पाठवलेला नव्हता. दर वेळी काही ना काही विशेष परिस्थिती शोधून काढली होती. वीसहून जास्त राज्यांनी बेट्स रद्द करा असं कोर्टाला लेखी कळवलं होतं. हे सगळं फीचर म्हणून घातलं असतं तर एखाद्या चांगल्या मॉडेलने गिडियनचा निकालही बरोबर सांगितला असता. गिडियनच्या गोष्टीतून मी जे घेतलं ते वेगळं आहे. त्याकडे येतोच, आधी इतिहास संपवतो.

२००२ साली अमेरिकेत एक झकास सामना झाला. चार प्राध्यापकांनी (रुगर, किम, मार्टिन आणि क्विन) सुप्रीम कोर्टाच्या त्या सत्रातल्या खटल्यांचे निकाल लागण्याआधी दोन भाकितं नोंदवली. एक मॉडेलचं, दुसरं ८३ कायदेतज्ज्ञांचं. मॉडेलला फक्त सहा गोष्टी माहीत: खटला कुठल्या खालच्या कोर्टातून आला, विषय काय, दोन्ही पक्ष कोणत्या प्रकारचे, खालच्या कोर्टाचा निकाल उदारमतवादी की पुराणमतवादी, आणि घटनाबाह्यतेचा मुद्दा आहे का. कायद्याचं अक्षरही माहीत नाही. निकाल: मॉडेल ७५ टक्के बरोबर, तज्ज्ञ ५९ टक्के. तज्ज्ञांची काय अवस्था झाली असेल!

मात्र दोन गोष्टी बारीक अक्षरात वाचायला हव्यात. एक, एकेका न्यायमूर्तीचं मत ओळखण्यात तज्ज्ञ आणि मॉडेल जवळपास बरोबरीत होते, तज्ज्ञ कणभर पुढेच. दोन, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट हाती घेतलेल्या खटल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश खटल्यांत खालचा निकाल फिरवतं. म्हणजे 'रिटर्न ट्रू' एवढी एकच ओळ लिहिलेला प्रोग्रॅमही पासष्ट टक्क्यांच्या आसपास जातो. २०१७ साली कॅट्झ, बोमारिटो आणि ब्लॅकमन यांनी १८१६ ते २०१५ अशा दोनशे वर्षांच्या निकालांवर रँडम फॉरेस्ट चालवलं, तेव्हा अचूकता आली ७०.२ टक्के. मेहनत प्रचंड, पण त्या एका ओळीच्या किती पुढे गेलो हे विचारायलाच हवं.

युरोपात २०१६ साली मानवी हक्क न्यायालयाच्या ५८४ खटल्यांवर असाच प्रयोग झाला. ७९ टक्के अचूकता, आणि जगभर 'रोबो न्यायाधीश' छापाच्या बातम्या. पण मॉडेलने वाचलेला मजकूर होता तो कोर्टाच्या निकालपत्रातलाच. निकाल ठरल्यावर कोर्टाने स्वतः मांडलेली हकीकत वाचून निकाल ओळखायचा, म्हणजे उत्तरपत्रिका बघून प्रश्न सोडवण्यासारखं झालं. २०२० साली दुसऱ्या एका गटाने, मेदवेदेवा आणि सहकाऱ्यांनी, जुन्या खटल्यांवर शिकवून नंतरच्या काळातले खटले विचारले, तर अचूकता ५८ ते ६८ टक्क्यांवर आली. आणि केवळ न्यायाधीशांच्या आडनावांवरून निकाल सांगायला लावला तर सरासरी ६५ टक्के! या आकड्याने हसावं की काळजी करावी, कळत नाही.

काळजी केली ती फ्रान्सने. २०१९ साली तिथे कायदा झाला की न्यायाधीशांची नावं वापरून त्यांच्या निकाल देण्याच्या पद्धतीचं विश्लेषण, तुलना किंवा भाकीत करायचं नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. कोंदोर्से आणि प्वासाँच्या देशात!

आपल्याकडे २०२१ साली आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या सुमारे ३५ हजार खटल्यांचा संच तयार केला. शेवटचा निर्णय कापून टाकायचा आणि अपील मंजूर की नामंजूर ते ओळखायचं. सर्वांत चांगल्या मॉडेलला ७८ टक्के जमलं, तर त्यातला एक भाग वाचायला दिलेल्या कायदेतज्ज्ञांना सरासरी ९४ टक्के. तेव्हा इथे तरी माणसं पुढे होती.

आता इथेच एक खटला डोक्यात येतो. एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. मुंबई हायकोर्टाने शिक्षा वाढवलेल्या एका कैद्याला अपिलासाठी लागणारी निकालाची नक्कलच वेळेवर मिळाली नव्हती. शिक्षा भोगून झाली, तेव्हा कुठे तो सुप्रीम कोर्टात पोचला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि वेळेत मिळायला हवी, आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारने द्यायला हवा. आपल्या देशातला हा जणू गिडियन. पण त्या कैद्याची याचिका? ती फेटाळली गेली. म्हणजे 'मंजूर एक, नामंजूर शून्य' अशा कॉलममध्ये या खटल्यापुढे शून्य पडणार. हजारो कैद्यांना उपयोगी पडलेला निकाल, आणि डेटाबेसमध्ये तो एक पराभव.

माझा मुद्दा तो हा. मशीन न्यायाधीशाच्या खुर्चीत बसेल का, यावर आपण फार वाद घालतो. मला वाटतं ते तिथे बसायच्या खूप आधी कोर्टाच्या दारात बसेल. खटला घ्यावा की नाही हे ठरवणाऱ्या वकिलाच्या टेबलावर, दावा लढवावा की तडजोड करावी हे बघणाऱ्या विमा कंपनीत. जिंकायची शक्यता आठ टक्के दिसली की वकील म्हणणार, राहू द्या. त्यात त्याचंही चूक नाही, त्याला घर चालवायचंय. आणि एरवी हा सल्ला चांगलाच. बिनबुडाच्या दाव्यापायी दहा वर्षं तारखा घेण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं.

पण जो खटला दाखलच झाला नाही, तो डेटात येत नाही. प्रीस्ट आणि क्लाइन या दोघांनी १९८४ सालीच दाखवलं होतं की निकालापर्यंत पोचणारे खटले हे सगळ्या भांडणांचं प्रातिनिधिक चित्र नसतं. ज्यांचं पारडं उघडच हलकं, ते आधीच तडजोड करतात. आता त्या चाळणीत एआय बसवा. कालच्या निकालांवरून ते आजच्या लोकांना घरी बसवणार, ती माणसं उद्याच्या डेटात नसणार, आणि उद्याचं मॉडेल आणखी ठामपणे सांगणार की असे खटले टिकत नाहीत. अचूकता वाढतच जाईल. आपण टाळ्या वाजवू. फीडबॅक लूपचं हे उदाहरण कॉलेजात शिकवायला हवं.

प्वासाँने ६१ चा आकडा काढला, तेव्हा त्यातल्या कोणाही आरोपीला तो माहीत नव्हता, आणि म्हणून कोणी लढायचं थांबलं नाही. आजचा आकडा ज्याचा खटला आहे त्याच्याच हातात पडतो, तोही लढायच्या आधी. म्हणून असं टूल बनवायची वेळ माझ्यावर आली तर निदान एवढं तरी करीन. टक्केवारीशेजारी लिहीन की हा आकडा कोणत्या वर्षांच्या, कोणत्या कोर्टाच्या निकालांवरून आलाय आणि 'रिटर्न ट्रू'ने किती मिळाले असते. आणि गरिबांना वकील पुरवणाऱ्या यंत्रणेत हा आकडा अर्ज नाकारायला कारण म्हणून वापरता येणार नाही, अशी अट घालीन.

कारण गिडियनला शहाण्यासुरत्या माणसाने काय सल्ला दिला असता, ते उघड आहे. तुझी केस बसत नाही बाबा, कागद वाया घालवू नकोस. १९६१ साली हा सल्ला अचूक होता.